‘त्स येन त्स यू’ म्हणजे काय? स्वतःशीच बोलण्यासाठीचा चिनी वाक्प्रचार

किल्ली सापडत नसताना ‘इथेच तर ठेवली होती’ असं आपण स्वतःलाच मोठ्याने सांगतो. चिनी भाषेत याला ‘त्स येन त्स यू’ म्हणतात. (यातला ‘त्स’ साधारण ‘चमचा’मधल्या ‘च’सारखा उच्चारतात.)

शब्दशः अर्थ काय?

‘त्स’ म्हणजे स्वतः. ‘येन’ आणि ‘यू’ या दोन्हींचा अर्थ बोलणं. ‘येनयू’ हा एकच शब्द फोडून दोन्ही भागांआधी ‘स्वतः’ जोडला आहे. अशा ठरलेल्या, बहुतेक वेळा चार अक्षरी वाक्प्रचारांना चिनीत ‘छंगयू’ म्हणतात.

कधी वापरतात?

समोर ऐकणारं कुणी नाही किंवा बोलणं कुणाला उद्देशून नाही, तेव्हा. कथा-कादंबऱ्यांत ‘तो स्वतःशीच म्हणाला’ अशा वाक्यात तो हमखास दिसतो. म्हातारी व्यक्ती, खेळात रमलेलं मूल, विचारात पडलेला माणूस अशा कुणाबद्दलही तो चालतो. शब्दात मुळात टीका नाही. प्रसिद्ध लेखक लू शुन यांनी 1919 मध्ये आपल्या छोट्या गद्यलेखांच्या मालिकेला हेच नाव दिलं होतं.

गोंधळ कुठे होतो?

जवळच्या अर्थाचे आणखी काही वाक्प्रचार आहेत:

• नान नान त्स यू : हळू आवाजात, अस्पष्ट बोलणं. ‘नान नान’ हा आवाजावरून आलेला शब्द आहे, आपल्या ‘पुटपुटणे’सारखा.
• त्स वन त्स दा : स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणं.
• त्स श्वो त्स ह्वा : याचाही शब्दशः अर्थ ‘स्वतःशी बोलणं’ असाच. पण समोरच्याचं न ऐकता आपलंच दामटणं, परस्पर ठरवून मोकळं होणं, असाही अर्थ त्यातून निघतो.

खरी चूक या शेवटच्या वाक्प्रचारात होते. एखाद्या आजीबद्दल ‘ती स्वतःशी बोलत बसते’ असं प्रेमाने सांगायचं असेल आणि तिथे ‘त्स श्वो त्स ह्वा’ वापरला, तर ‘ती कुणाचं ऐकत नाही’ असा आरोप केल्यासारखं वाटू शकतं.

लक्षात काय ठेवायचं?

माणूस एकटाच बोलत असेल तर ‘त्स येन त्स यू’. समोर माणसं असूनही त्यांना विचारत नसेल, तर ‘त्स श्वो त्स ह्वा’.