सावेदादांची चित्रफीत

खडकीत इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना काढला तो १८६९ साली. त्याच्या आदल्याच वर्षी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा जन्म झाला. लोक त्यांना सावेदादा म्हणत. कारखान्याचा आणि त्यांचा तसा काही संबंध नाही. पण बंदुकीची धूररहित दारू आणि सावेदादांनी ज्या फितीवर चित्रे टिपली ती फीत, या दोहोंचे मूळ द्रव्य एकच : नायट्रोसेल्युलोज. त्यांच्या कामाचे पुढे काय झाले, याचे अर्धे उत्तर यात आहे.

सावेदादांचा धंदा फोटोग्राफीचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. तो पाहून सावेदादांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती टिपली. फीत धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागली. आपण काय टिपले, हे कळायलाही बोटीची वाट पाहावी लागे. पुढे त्यांनी माकडांचा खेळ करणारा मदारीही टिपला.

डिसेंबर १९०१ मध्ये र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा तरुण १८९९ साली तिथे सीनियर रँग्लर झाला होता. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. मुंबईत त्याचे जंगी स्वागत झाले आणि सावेदादांनी ते चित्रित केले. हा राजा नव्हे, सरदार नव्हे. गणितात पहिला आलेला विद्यार्थी. त्याचे घरी परतणे ही जपून ठेवण्याजोगी बातमी आहे, हे या फोटोग्राफरने ओळखले. आपल्याकडच्या वृत्तपटाची सुरुवात मी इथून मानतो. मात्र त्यांना देशभक्तीचा टिळा लावण्याची घाई करू नये. १९०३ च्या दिल्ली दरबाराचा थाटही त्यांनी टिपला. घटना मोठी, तिथे कॅमेरा न्यायचा, एवढा त्यांचा हिशेब सरळ होता.

पुढे चित्रीकरण मागे पडले आणि सावेदादा मुंबईच्या गेटी थिएटरच्या कारभारात रमले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि लोकांना गोष्टींची गोडी लागली. सावेदादा १९५८ मध्ये वारले. जुने चित्रपट जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर उशीर झाला होता. नायट्रेटची फीत चटकन पेट घेते आणि नुसती ठेवली तरी कुजते. संग्रहालये झाल्यावरही हा धोका टळला नाही. २००३ साली पुण्यातच नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा जळाला.

सावेदादांची चित्रे आज पाहायला मिळत नाहीत. परांजपे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांचे फोटो आहेत, लेखन आहे, आत्मचरित्र आहे. त्यांच्यापुरते फारसे बिघडले नाही. पण त्या दिवशी त्यांना पाहायला जमलेली माणसे कशी चालत होती, टाचा उंचावून कुठे पाहत होती, ते फक्त त्या फितीला ठाऊक होते.