गाभा आणि त्याचे राखणदार

रेडीच्या खाडीवर यशवंतगड उभा आहे. तेथें एक चित्र डोळ्यांसमोर आणावें. अरुंद पाण्यांत दोन होड्या समोरासमोर आल्या आहेत. पहिलीपाशीं दोर आहे व ती दुसरीच्या वल्ह्याची वाट पाहते. दुसरीपाशीं वल्हें आहे व ती पहिलीच्या दोराची. हातचें सोडावयास कोणीच तयार नाहीं. भरती येऊन ओसरली तरी दोघी जागच्या जागीं! संगणक कधीं कधीं एकाएकीं थिजतो, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हाच प्रकार असतो.

संगणकाची स्मृति, तबकडी, पडदा यांची वांटणी ज्या अंतर्भागाकडे असते त्यास कर्नल म्हणजे गाभा म्हणतात. गाभा आणि एकेक उपकरण यांच्यामधला दुभाष्या तो ड्रायव्हर. हे दुभाषे नाना हातांनीं लिहिलेले, पण बहुतेक चालतात गाभ्याच्याच अधिकारानें. म्हणून एकाची जीभ अडखळली कीं सारा दरबार खोळंबतो.

फिनलंडांतील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें १९९१ मध्यें लिनक्सचा गाभा जगापुढें ठेवला. १९९६ च्या २.० आवृत्तींत एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हां साऱ्या गाभ्याला एकच मोठें कुलूप होतें. त्याच्या जागीं लहान कुलपें आणतां आणतां १५ वर्षें गेलीं. २०११ च्या २.६.३९ आवृत्तींत तें अखेर नाहींसें झालें. पण कुलपें वाढलीं तशा अडकण्याच्या वाटाही वाढल्या. त्यावर इंगो मोल्नार यांनीं २००६ मध्यें ‘लॉकडेप’ नांवाचा पहारेकरी बसविला. कोणतें कुलूप कोणत्या कुलपानंतर लागलें याची तो नोंद ठेवतो आणि क्रम उलटा दिसतांच, होड्या अडकण्यापूर्वींच, हांक मारतो.

दुसरा प्रश्न डागडुजीचा. पूर्वीं सम आंकड्याची आवृत्ति वापरण्याची व विषम आंकड्याची प्रयोगाची, अशी वहिवाट होती. २००३ अखेरच्या २.६ नंतर ती मोडली; नवें काम आणि दुरुस्ती एकाच प्रवाहांत वाहूं लागलीं. मार्च २००५ मध्यें ग्रेग क्रोआ-हार्टमन व ख्रिस राइट यांनीं २.६.११.१ ही केवळ दुरुस्तीची आवृत्ति काढली. नियम कडक होते: बदल १०० ओळींहून मोठा नसावा, तो उघडउघड बरोबर असावा, आणि यंत्र थिजणें, माहिती बिघडणें, सुरक्षिततेला भोंक पडणें, अशी खरी व्यथा त्यानें दूर व्हावी. ‘असें कदाचित् होईल’ या शंकेला तेथें थारा नाहीं. पुढें अट आली कीं, दुरुस्ती आधीं टोर्वाल्ड्स यांच्या मुख्य झाडांत शिरलेली असावी. नाहींतर पुढच्या आवृत्तींत तोच दोष पुन्हां उगवावयाचा. पुण्यास १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅकची, मराठी चालविणारी ‘बॉस’ प्रणालीही याच गाभ्यावर उभी आहे.

राखणदारांचे श्रम मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतात. यंत्र बिनबोभाट चाललें तर आठवण कोण काढणार? २०१७ मध्यें कांहीं आवृत्त्या सहा वर्षें सांभाळण्याचें ठरलें. २०२३ मध्यें ती मुदत दोन वर्षांवर आणण्याचें जाहीर झालें, कारण जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडे आणि सांभाळणारे थकलेले. वीज, रेल्वे यांच्या यंत्रांना इतकी लहान मुदत पुरत नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें ४.४ ही आवृत्ति मुख्य राखणदारांनीं खालीं ठेवली, तेव्हां अशा यंत्रांसाठीं २०१६ मध्यें निघालेल्या ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’नें तिची राखण पुढें चालू ठेवली.