रावस, ताग आणि नायलॉन : वसईच्या कोळीवाड्यातील धाग्याचा इतिहास

मुंबईतील इंग्रजांनी रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. नाते मात्र खोटे आहे. सॅमन थंड, नितळ नद्यांतून वर चढतो. रावस वसईच्या खाडीमुखासारख्या गढूळ, उथळ पाण्यात वावरतो. त्याच्या छातीच्या पराखाली चार सुटे तंतू असतात व त्यांनी तो चिखलात भक्ष्य चाचपतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘टेट्राडॅक्टिलम’चा अर्थच ‘चार बोटांचा’.

धाग्याच्या इतिहासात हा भेद मोलाचा आहे. नितळ पाण्यात मासा धागा पाहून बिचकतो, म्हणून सॅमनच्या देशांत ‘धागा दिसू नये’ हीच पहिली अट राहिली. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला, तेव्हा गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. पुढे रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेली अर्धपारदर्शक तार आली. ती वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करावी लागे.

वसईच्या समुद्राची मागणी निराळी होती. येथे उधाणाचे पाणी चार मीटरांहून अधिक चढते आणि ओहोटीची ओढ भयंकर असते. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळ्यांची डोल याच ओढीवर चालते : प्रवाहाकडे तोंड करून बांधलेली प्रचंड पिशवी. घोळ, वाम, शिंगाळा यांसाठी खांदा, म्हणजे ओळीने गळ लावलेली लांब दोरी. अशा गढूळ पाण्यात धागा दिसतो की नाही, यापेक्षा तो तुटतो की सडतो, हाच प्रश्न मोठा.

तुटण्याची चिंता तुलनेने कमी होती. जाळी तागाची किंवा सुताची असत. (हा ताग म्हणजे शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो, गोणपाटाचा नव्हे.) हे तंतू ओले झाल्यावर उलट बळकट होतात. खरा शत्रू सूक्ष्मजीव. वनस्पतिजन्य धागा हे त्यांचे अन्न, त्यामुळे खाऱ्या पाण्यात राहिलेले जाळे लवकर कुजे. त्यावर उपाय ऐन, चिल्हार यांच्या सालीच्या काढ्याचा. सालीतील टॅनिन कुजण्यास आळा घालते. मात्र समुद्राचे पाणी ते हळूहळू धुऊन नेते, म्हणून जाळी पुन्हा पुन्हा त्या तांबूस रंगात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा समुद्रात न्यायची. त्यापूर्वीचे सूत कातणे व विणणे वेगळेच. मासेमारीचा इतिहास होड्यांपासून सुरू करण्याची सवय आहे. परंतु कुटुंबाच्या श्रमाचा केवढा तरी भाग किनाऱ्यावर या धाग्याला जिवंत ठेवण्यातच जाई.

१९३५ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या चमूने नायलॉन तयार केले. १९३८ मध्ये ते जगापुढे आले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई छत्र्यांकडे वळवले गेले आणि युद्धानंतर मासेमारीत पसरले. भारतात १९५७ मध्ये कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था उभी राहिली व कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांचा शास्त्रीय अभ्यास होऊ लागला. महाराष्ट्रात १९७६ साली स्थापन झालेली गरवारे-वॉल रोप्स ही दोर व जाळ्यांची मोठी उत्पादक ठरली.

गंमत अशी की नायलॉन ओले झाल्यावर किंचित दुबळे होते. तरीही ते जिंकले, कारण ते सूक्ष्मजीवांना पचत नाही. सालीचा काढा एका पिढीत अनावश्यक झाला. वाळवण्याचा नियम तर उलटाच झाला : ज्या उन्हाने तागाचे जाळे वाचे, तेच ऊन नायलॉनला जीर्ण करते, म्हणून ते सावलीत ठेवावे लागते. पिढ्यांचे शहाणपण नव्या धाग्यापुढे असे निरुपयोगी ठरले.

निवड अर्थात संपली नाही. नायलॉनची घनता सुमारे १.१४, समुद्राच्या पाण्याची १.०२५, म्हणून ते बुडते, पॉलिएथिलीन ०.९५ चे, ते तरंगते. कोणत्या जाळ्याला काय हवे, हे त्यावरून ठरू लागले. डोलीच्या अंगाला स्वस्त व चिवट पॉलिएथिलीन, तर पारदर्शक एकतंतू नायलॉन माशाच्या कल्ल्यांत अडकणाऱ्या उभ्या जाळ्यांना.

पूर्वी धागा शेतातून येई आणि त्यावरचे कष्ट घरचे असत. आता तो कारखान्यातून येतो. कष्ट वाचले, पण त्यांच्या जागी रोख पैसा लागू लागला. दुसरा बदल पाण्याखाली झाला. ओढीने तुटून वाहून गेलेले तागाचे जाळे यथावकाश कुजून नाहीसे होई. नायलॉनचे तुटलेले जाळे वर्षानुवर्षे तसेच राहते आणि कोणी ओढायला नसतानाही त्याच्या आसांत मासे अडकत राहतात.