तोफेमागून मोटार

लखनौच्या चौकात मोटार नेणे म्हणजे स्वतःची आणि गर्दीची परीक्षा पाहणे. गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा एवढाच तो बाजार. दोन्ही अंगांना चिकनकारीची, अत्तराची, मिठाईची दुकाने आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर माणसेच माणसे. या जुन्या वस्तीतून बाहेर पडले की रुंद, सरळ रस्ते लागतात. हा रुंदपणा नवाबांच्या काळातला नाही. मार्च १८५८मध्ये इंग्रजांनी शहर परत घेतले आणि त्यानंतर रॉबर्ट नेपियर या अधिकाऱ्याच्या आराखड्याप्रमाणे घरेदारे पाडून हे रस्ते काढले. पुन्हा उठाव झालाच तर फौज आणि तोफा विनाअडथळा आत नेता याव्यात, हा त्यामागचा हेतू. तोफांसाठी झालेल्या या रस्त्यांवर पुढे मोटारी आल्या. जुनी मोटार दुसऱ्या गाडीमागे जोडून शर्यतीला किंवा प्रदर्शनाला न्यायची आज जी रीत आहे, तिचे कूळ शोधत मागे गेले की आपण तोफेपाशीच पोचतो.

रणांगणावर तोफ उभी असते ती दोन चाकांवर आणि मागे जमिनीला टेकलेल्या लाकडी शेपटावर. ती लांबच्या प्रवासाला न्यायची तर शेपूट उचलायचे आणि पुढे दोन चाकांचा दुसरा गाडा आणून त्याला अडकवायचे. शेपटाच्या टोकाला लोखंडी कडी, गाड्याला उभा खुंट किंवा आकडा. कडी खुंटात बसली की दोन गाड्यांची मिळून चार चाकांची एक गाडी होते, पण मधला सांधा मोकळा असल्यामुळे ती वळणावर अडत नाही आणि खड्ड्यात पिळवटत नाही. मुक्कामी पोचल्यावर कडी काढली की तोफ लढायला मोकळी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने तोफखान्याची मापे एकसारखी करून दिली आणि ही जोडणी कसाला उतरली. लष्करी ट्रकच्या मागे आजही दिसणारा आकडा आणि त्यात अडकणारी कडी यांचा थेट पूर्वज हाच.

लखनौमध्ये ही विद्या अगदी घरची होती. नवाब आसफउद्दौलाच्या काळात क्लॉड मार्टिन हा फ्रेंच माणूस इथल्या शस्त्रागाराचा प्रमुख होता. त्याने १७८६मध्ये ओतलेली ‘लॉर्ड कॉर्नवॉलिस’ ही तोफ ला मार्टिनिएर शाळेच्या गच्चीवर अजून पाहायला मिळते. याच मार्टिनचा मित्र आणि व्यापारातला भागीदार म्हणजे बेन्वा द बॉइन, आपल्या इतिहासातला डी बॉयन. महादजी शिंद्यांनी त्याला १७८४मध्ये चाकरीत घेतले. मधल्या काळात चाकरी सोडून तो लखनौला मार्टिनबरोबर व्यापार करत होता. महादजींनी त्याला परत बोलावले आणि १७९०मध्ये पाटण आणि मेडता या दोन्ही लढाया त्याच्या कवायती पलटणींनी आणि तोफखान्याने जिंकल्या. पानिपतावर जड तोफा हलवताना झालेले हाल ज्या सरदाराने तरुणपणी पाहिले, त्याने तीस वर्षांच्या आत झटपट हलणारा तोफखाना उभा केला. महादजींच्या कर्तृत्वात ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही, असे मला वाटते. तोफा ओढायला बैलच होते. सुधारणा झाली होती ती गाड्यात आणि शिस्तीत.

नोव्हेंबर १८५७मध्ये याच लखनौत शाह नजफ इमामबाड्यासमोर इंग्रज आरमारातल्या विल्यम पीलच्या खलाशांनी जहाजावरून उतरवलेल्या जड तोफा हातांनी ओढत थेट भिंतीजवळ नेल्या. शेकडो मैलांचा प्रवास दुसऱ्यांनी ओढून झाला, शेवटचा टप्पा माणसांच्या हातांनी, आणि मग तोफेने आपले काम केले. ओढून नेण्यामागचे सगळे तत्त्व इथे आहे. प्रवास ओढणाऱ्याने करायचा. जिला नेतो आहोत तिची ताकद मुक्कामासाठी राखायची.

मोटारीच्या वाट्याला हा मान यायला बराच काळ गेला. सुरुवातीला मोटार ओढली जाणे ही मालकाची फजिती होती. डिसेंबर १९०४मध्ये दिल्लीहून मुंबईला मोटारींची शर्यतवजा चाचणी निघाली. त्या काळी वाटेतल्या कितीतरी नद्यांवर पूल नव्हते आणि नदीपात्रातल्या वाळूत रुतलेल्या मोटारीला बैलजोडीशिवाय दुसरा त्राता नव्हता. अमेरिकेत चॅटनूगा गावी १९१६मध्ये एका मित्राची मोटार ओढ्यात कोसळली. ती दोर लावून बाहेर काढण्यात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याचे आणि सहा माणसांचे आठ तास गेले. त्यानंतर त्याने जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून ओढगाडी तयार केली आणि तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला टोचन म्हणतात त्या कामाचे पहिले यंत्र ते हेच. पण होम्सची गाडी बिघडलेल्या मोटारीसाठी होती.

धडधाकट मोटार उचलून न्यायची कल्पना शर्यतीतून आली. ल मान्सच्या पहिल्या काही शर्यतींना कित्येक गाड्या रस्त्यावरून स्वतः चालत गेल्या. पुढे शर्यतीची इंजिने इतकी नाजूक आणि नेमकी होत गेली की रस्त्यावरचा प्रत्येक मैल म्हणजे शर्यतीतून वजा झालेले आयुष्य ठरू लागले. १९५५मध्ये मर्सिडीजने शर्यतीची एक गाडी पाठीवर घेऊन ताशी १७० किलोमीटरने धावणारा निळा वाहक ट्रक बांधला. सामान्य मोटारींना मागे टाकणारा तो ट्रक पाहायलाच लोक गर्दी करत.

आपल्याकडे हा मान शर्यतीच्या नव्हे, तर म्हाताऱ्या मोटारींना मिळाला. ‘द स्टेट्समन’ची दिल्लीतली जुन्या मोटारींची रॅली १९६४पासूनची. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब १९८५मध्ये स्थापन झाला. १९३०च्या आसपासच्या मोटारीच्या इंजिनातले बेअरिंग बहुधा मऊ पांढऱ्या धातूचे ओतीव असते; ते झिजले की ओतून, घासून पुन्हा बसवणारा कारागीर शोधावा लागतो. ड्रमचे ब्रेक तापले की पकड सोडतात. अशी गाडी घेऊन लखनौहून दिल्लीला निघायचे तर आधी आग्र्यापर्यंतचा ३०२ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग लागतो. तिथे भरधाव गाड्यांच्या मध्ये तिला चालवणे तिच्याही जिवावरचे आणि इतरांच्याही. दोर बांधून ओढणे तर कायद्यातच बसत नाही. १९८९च्या रस्ता नियमांनी ओढण्याची परवानगी मुख्यतः नादुरुस्त वाहनाला दिली होती. तीही दोन वाहनांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आणि ताशी २४ किलोमीटरच्या आत.

म्हणून ट्रेलर, नाहीतर सरळ ट्रकचा हौदा. ट्रेलरवर मोटार चढवण्यात खरे कसब आहे. तिचे वजन ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे यावे लागते, म्हणजे एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा जोडणीवर पडतो. भार आसाच्या मागे गेला तर पुढच्या गाडीची मागची चाके हलकी होतात, ट्रेलर शेपटासारखा डावा-उजवा झुलू लागतो आणि मग ब्रेक दाबणारा सगळेच घालवून बसतो. चाकांखाली उटी, पट्टे टायरवरून. लाकडी किंवा तारेच्या आऱ्यांतून दोर ओवायचा नाही. उघड्या ट्रेलरवर कापडी आवरणही घालू नये. वाऱ्याने फडफडून ते रंग घासते. कित्येक वर्षे जपलेला रंग एका रात्रीत जातो.

कोल्हापूरला याची गरज पडत नाही. छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते ती स्वतःच्या चाकांवर. नवा राजवाडा आणि चौक एकाच गावातले. जुनी मोटार रस्त्यावर धावताना पाहण्याचा आनंद काय असतो ते तिथे जमलेल्या गर्दीला विचारावे. केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तिच्यात रोजच्या वापराला मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, तिथली ये-जा, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठी रस्ता खुला आहे. ही सवलत मालकांनी वापरावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. द्रुतगती मार्ग ट्रेलरवर पार करावा, पण शहराच्या वेशीवर पट्टे सोडून मोटार खाली उतरवावी आणि मैदानापर्यंतचे शेवटचे काही मैल तिला चालवत न्यावे. तिकीट काढून मैदानात न येणाऱ्यांनाही ती मग दिसेल, ऐकू येईल, आणि रस्त्याकडेच्या एखाद्या पोराला तिच्या मागे धावता येईल.