‘कुत्राच तर होता!’ : पाळलेला कुत्रा गेल्यावर माणूस एवढा का कोलमडतो?

घरातला कुत्रा गेल्याची पोस्ट फेसबुकवर पडली की खाली दोन तऱ्हेच्या कमेंट येतात. काही जण हात जोडलेले इमोजी टाकतात, आपल्या गेलेल्या कुत्र्याची आठवण सांगतात. आणि कुणीतरी लिहितंच, ‘कुत्राच तर होता, दुसरा आणा.’ पोस्ट टाकणाऱ्याने हे वाक्य बहुधा घरातही ऐकलेलं असतं. मग त्याच्याही मनात येतं, आपलंच जरा अति होतंय का?

अति होत नाही. या दुःखामागे शरीरातली आणि रोजच्या जगण्यातली ठोस कारणं आहेत.

कुत्रा आणि माणूस म्हटलं की आपल्याला कुत्र्याच्या निष्ठेच्या गोष्टी आठवतात. जपानमधला हाचिको सगळ्यांना माहीत आहे. त्याचे मालक प्राध्यापक उएनो मे १९२५ मध्ये अचानक वारले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हाचिको टोकियोच्या शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला आणि ८ मार्च १९३५ ला गेला. आपल्याकडे रायगडावरच्या वाघ्याची कथा घरोघरी सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही, आणि त्यावरून वादही झाले आहेत. पण कथा लोकांच्या मनात पक्की बसली आहे.

या दोन्ही गोष्टींत मालक आधी जातो आणि कुत्रा मागे राहतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत नेमकं उलटं घडतं. लॅब्राडॉरसारखा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षं जगतो, लहान जातीचे त्याहून थोडे जास्त. म्हणजे पिल्लू घरी आणलं त्या दिवशीच हे जवळपास ठरलेलं असतं की त्याचा शेवट आपण बघणार आहोत. मागे राहिलेल्या त्या माणसाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

नजरेत काय असतं?

आई बाळाकडे टक लावून बघते तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. माया, जवळीक, विश्वास यांच्याशी त्याचा संबंध आहे. जपानच्या अझाबु विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये कुत्रे आणि त्यांच्या मालकांवर प्रयोग केला. अर्धा तास दोघांना एका खोलीत ठेवलं आणि आधी-नंतर लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. जे कुत्रे मालकाच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होते, त्यांच्यात आणि त्यांच्या मालकांमध्येही ते वाढलेलं आढळलं. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांवर हाच प्रयोग केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. थोडक्यात, आई-बाळाच्या नात्यातली वाट कुत्र्याने माणसापर्यंत पोहोचायला वापरली आहे. ‘माझं बाळ’ म्हणून कुत्र्याला कुरवाळणाऱ्यांची थट्टा करण्याआधी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्याआधी, १९९८ मध्ये, बुडापेस्टमधल्या शास्त्रज्ञांनी लहान मुलांसाठी तयार केलेली एक चाचणी कुत्र्यांवर करून पाहिली होती. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, मालक मध्येच बाहेर जातो आणि परत येतो. मालक जवळ असताना कुत्रे जास्त खेळले, जास्त हिंडले. तो बाहेर गेला की दाराशी जाऊन उभे राहिले. लहान मूल आईबाबतीत वागतं, बरंचसं तसंच.

हे नातं किती जुनं आहे याची एक खूण जर्मनीत सापडली आहे. बॉनजवळच्या ओबरकासेल इथे १९१४ मध्ये एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत पुरलेला कुत्रा मिळाला. वय साधारण चौदा हजार वर्षं. कुत्रा म्हणजे खरं तर सहा-सात महिन्यांचं पिल्लू. त्याचे दात तपासल्यावर २०१८ मध्ये संशोधकांनी मांडलं की त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता, आणि माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके दिवस तगलं नसतं. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरी कुणीतरी त्याला जपलं.

दुःख खरं, पण रजा नाही

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ‘मान्यता नसलेला शोक’ ही कल्पना सविस्तर मांडली. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मोजत नाही, ते जास्त रेंगाळतं, कारण बोलायला जागाच नसते. कुत्र्याचं जाणं त्यात चपखल बसतं. ना दहावा, ना भेटायला येणारी माणसं, ना ऑफिसातून सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग येते, हात पट्ट्याकडे जातो, आणि मग आठवतं. दिवसाला दोन फेऱ्या, जेवणाची वेळ, दार उघडताच होणारी धावपळ, हे सगळं एकदम थांबतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर कुत्र्यामुळेच होणारं बाहेर पडणं आणि चार माणसांशी बोलणंही बंद होतं.

आणखी एक गोष्ट माणसाच्या मृत्यूत सहसा नसते. असाध्य आजारात कुत्र्याला दयामरण द्यायचं की नाही, हे मालकाला ठरवावं लागतं. ‘घाई केली’ किंवा ‘उगाच ताणलं’, यातलं एक तरी नंतर मनाला खात राहतं. पशुवैद्याशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवलेलं बरं: खाणं, उठणं, वेदना, यातलं काय थांबलं की निर्णय घ्यायचा.

घरात लहान मुलं असतील तर ‘तो झोपलाय’ किंवा ‘गावी सोडलाय’ असं सांगू नये. मूल वाट बघत बसतं, नाहीतर झोपायलाच घाबरतं. ‘मेला, आता परत येणार नाही’ हे साध्या शब्दांत सांगावं आणि निरोपात त्यालाही घ्यावं. शहरात अंत्यसंस्काराचा प्रश्न असतोच. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्याकडेही बघावं लागतं. इटलीत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दोनपैकी एक कुत्रा गेलेल्या घरांतल्या सुमारे ८६ टक्के मालकांनी मागे राहिलेल्याच्या वागण्यात बदल सांगितले: कमी खेळणं, कमी खाणं, सतत माणसाला चिकटून राहणं. ही माहिती मालकांनीच दिलेली, त्यामुळे त्यांचं स्वतःचं दुःखही त्यात मिसळलेलं असणार. तरी त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा मोडू नयेत.

नवीन पिल्लू कधी आणायचं, याला ठरावीक मुदत नाही. काही घरांत महिन्याभरात येतं, काहींत कधीच नाही. फक्त ते भेट म्हणून, न विचारता कुणी आणून देऊ नये. आणि डिस्टेंपर किंवा पार्व्होने कुत्रा गेला असेल, तर नवं पिल्लू आणण्याआधी घर कसं निर्जंतुक करायचं आणि किती थांबायचं, हे पशुवैद्याला विचारून घ्यावं. पार्व्होचा विषाणू घरात, अंगणात महिनोन्महिने टिकतो.