धरणापासून छपरापर्यंत : कर्जत-खालापुरांतील विजेचा इतिहास

सरकार कोणाला सवलत देतें, हें पाहिलें म्हणजे त्या काळीं राज्यकर्त्यांच्या मनांत प्रजेचें चित्र कसें होतें तें बरेंच कळून येतें. सवलत ही नुसती रक्कम नव्हे. कोणाच्या उद्योगावर सरकारचा भरंवसा आहे, याची ती उघड कबुली असते. घरांच्या छपरांवर सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करण्यासाठीं हल्लीं जें अनुदान मिळतें, त्याची चर्चा बहुधा बिल आणि बचत यांपलीकडे जात नाहीं. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेल्या कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतून पाहिलें, तर या अनुदानामागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून या अनुदानाचें मोल कळावयाचें नाहीं, त्याचें उणेंही कळावयाचें नाहीं.

या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या गिरण्यांपासून होतो. गिरण्या कोळशावर चालत, आणि कोळसा दुरून आणावा लागे. घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस अडवावा, तें पाणी कड्यावरून नळांनीं कोंकणांत सोडावें आणि त्याच्या जोरावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनीं मनावर घेतली होती. १९०४ सालीं ते निवर्तले. पण कल्पना मागें राहिली नाहीं. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें १९१० सालीं कंपनी निघाली. तिचें भांडवल याच देशांत उभें राहिलें, ही गोष्ट त्या काळीं फार अभिमानाची वाटली. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं लोणावळ्यास कोनशिला बसविली. लोणावळें, वळवण व शिरोता येथें तलाव झाले, आणि १९१५ सालीं खालापूर तालुक्यांतील खोपोलीस सुमारें सतराशें फुटांवरून उतरलेल्या पाण्यानें चक्रें फिरूं लागलीं. तेथून निघालेल्या तारा थेट मुंबईंत परळास जाऊन पोंचल्या. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें वीजघर सुरू झालें, व १९२७ सालीं दक्षिणेस माणगांव तालुक्यांत भिऱ्याचें.

या कामीं सरकारनें रोख रकमेचें अनुदान दिलें नाहीं. पण रोख रकमेहून मोठें असें बरेंच कांहीं दिलें. वीज करण्याचा व विकण्याचा परवाना दिला, नद्यांचें पाणी अडविण्याची मुभा दिली, आणि १८९४ च्या कायद्यान्वयें लोकांची जमीन सार्वजनिक कामाच्या नांवाखालीं मिळवून दिली. या शेवटच्या देणगीची किंमत कोणी मोजली, हें मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह करून जगाला सांगितलें. घाटावर शेतें बुडालीं, घाटाखालीं वीज निर्माण झाली, आणि उजेड पडला तो मुंबईंत! खालापूर व कर्जत यांच्या वांट्यास आलें तें चक्रें फिरवून बाहेर पडलेलें पाणी. तेवढ्यानें पाताळगंगा व उल्हास या नद्या उन्हाळ्यांतही वाहूं लागल्या, हा उपकार मात्र मान्य केला पाहिजे.

डोक्यावरून वीज जावी आणि घरांत रॉकेलची चिमणी मिणमिणावी, ही स्थिति इतकी अंगवळणी पडली होती कीं तिच्यांत कोणास नवल वाटेनासें झालें. परंतु या तारांचा अर्थ कोणीच ओळखला नाहीं, असें नव्हे. १९४२ च्या लढ्यांत माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. मुंबईचे कारखाने बंद पाडून साम्राज्याच्या युद्धयंत्राला धक्का द्यावा, हा त्यांतील हेतु. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. मुंबईची नाडी आपल्या डोंगरांतून वाहते, हें त्यांनीं अचूक हेरलें होतें.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं वीजपुरवठ्याचा कायदा झाला, १९६० सालीं महाराष्ट्राचें वीज मंडळ आलें, आणि गांवोगांव खांब उभे राहूं लागले. पण येथेंही हिशोबाची एक गंमत होती. एखाद्या खेड्याच्या हद्दींत कोणत्याही कामासाठीं वीज वापरली गेली, तरी तें खेडें विद्युतीकरण झालेलें समजत. १९९७ पर्यंत हीच व्याख्या होती. २००४ सालीं ती कडक झाली, तरी दहा घरांमागें एका घरीं वीज असली म्हणजे पुरे. डोंगरउतारावरच्या ठाकरवाड्या व कातकरवाड्या या गणितांत कोठें बसणार? खेडें उजळलें असें कागद सांगे, आणि वाडी अंधारांतच राही.

सूर्याच्या विजेला सरकारनें दिलेल्या उत्तेजनाचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. २०१० सालीं राष्ट्रीय सौर अभियान निघालें. त्यांत घरगुती दिव्यांसाठीं खर्चाच्या शेंकडा ३० अनुदान व हलक्या व्याजाचें कर्ज होतें. परंतु त्या दिव्यांचा जीव बॅटरींत, आणि बॅटरी थकली कीं फलक शोभेचा उरे. खरा पालट झाला तो २०१५ सालीं. त्या वर्षीं महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें नेट मीटरचे नियम केले. दिवसा छपरावर झालेली जास्तीची वीज महावितरणच्या तारेंत सोडावयाची, रात्रीं लागेल तेवढी परत घ्यावयाची, आणि बिल द्यावयाचें तें फक्त फरकाचें, असा हा व्यवहार. शिल्लक युनिटें पुढच्या महिन्यांत जमा होतात व आर्थिक वर्षाच्या अखेरीस हिशोब मिटतो. कर्जतसारख्या अतिवृष्टीच्या मुलुखांत या तरतुदीचें महत्त्व फार आहे. आषाढ-श्रावणांत येथें सूर्यदर्शन दुर्मिळ. चैत्र-वैशाखांतील शिल्लकच तेव्हां उपयोगी पडावयाची. टाटांनीं पावसाळ्याचें पाणी तलावांत सांठवून उन्हाळ्यांत वापरलें. आज गृहस्थ उन्हाळ्याचें ऊन वहींत सांठवून पावसाळ्यांत वापरतो. कणगींत भात भरून ठेवणाऱ्या माणसाला ही रीत निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

अनुदानाचे आंकडेही पाहूं. २०१९ सालीं तीन किलोवॅटपर्यंत शेंकडा ४० असा दर ठरला. फेब्रुवारी २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजना मंजूर झाली. एक कोटी घरें हें तिचें उद्दिष्ट, व ७५,०२१ कोटि रुपये ही तिची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० व तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे फार तर ७८,००० रुपये एका घरास मिळतात. फलक देशांत बनलेले असले पाहिजेत, ही अट १९११ च्या स्वदेशी भांडवलाची आठवण करून देते. परवाना, पाणी व जमीन यांच्या रूपानें जी मेहेरनजर पूर्वीं कंपनीवर झाली, ती रोख रकमेच्या रूपानें प्रथमच गृहस्थावर होत आहे, हा या सर्व घडामोडींतील मुख्य अर्थ होय.

पण कोणत्या गृहस्थावर? विजेचा दर वापराबरोबर पायरीपायरीनें चढतो. ज्याचा वापर मोठा, त्याचें प्रत्येक वांचलेलें युनिट महाग. म्हणून फलकांचा खर्च त्याला लवकर भरून येतो. महिना शंभर युनिटांच्या आंत भागविणाऱ्या घराचा दर मुळांतच कमी, सबब त्याला ही गुंतवणूक आंबट वाटते. अर्थात् नुसतें सरसकट अनुदान ठेवलें, तर तें बंगल्यांच्या प्रशस्त गच्चीवर आपण होऊन चढतें आणि कौलारू घराच्या दाराशीं थबकतें. हा दोष ओळखून महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं शंभर युनिटांच्या आंतील ग्राहकांसाठीं निराळी योजना काढली. एका किलोवॅटचा खर्च सुमारें ५०,००० रुपये धरला आहे. दारिद्र्यरेषेखालील घरास केंद्राच्या ३०,००० वर राज्य १७,५०० घालतें, आणि ग्राहकानें भरावयाचे सुमारें २,५००. एक किलोवॅट महिन्यास शंभरांच्या आसपास युनिटें देतो, म्हणजे अशा घराची गरज पुरी भागते. ही दिशा निःसंशय योग्य आहे.

तरीही एक अडचण पैशानें सुटणारी नाहीं. अनुदान मागण्यास स्वतःचें, फलकांचा भार सोसणारें छप्पर हवें आणि आपल्या नांवाचा वीजजोड हवा. या भागांतील अनेक कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या राहूनही पायाखालची जागा त्यांच्या नांवावर नाहीं. ज्याला जमीन नाहीं त्याला छप्पर कायद्यानें कसें असणार? नोव्हेंबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या जनमन अभियानांत कातकऱ्यांसारख्या जमातींना घरें देण्याची, व जेथें तार पोंचत नाहीं तेथें सौर दिवे पुरविण्याची सोय आहे. परंतु घराखालच्या जागेचा प्रश्न आधीं सुटला, तरच वरच्या फलकाला अर्थ. १९२१ सालीं सरकारनें जमीन काढून घेण्याचा कायदा विजेच्या सेवेस लावला. आतां जमीन नांवावर करून देण्याचा अधिकार त्याच सेवेस लावावयास काय हरकत आहे?

इकडे भिवपुरीच्या डोंगरांत पुन्हां मोठें काम निघालें आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें टाटा पॉवर कंपनीनें राज्य सरकारशीं केलेल्या करारान्वयें तेथें एक हजार मेगावॅटचा उदंचन प्रकल्प ठरला. दिवसा उन्हाची स्वस्त वीज घेऊन पाणी वर चढवावयाचें, आणि संध्याकाळीं तेंच खालीं सोडून वीज करावयाची, ही त्याची रीत. म्हणजे देशभरचें ऊन सांठविण्याची जबाबदारी या डोंगरांवर येणार आहे. तलाव पूर्वीं झाले, तसे पुन्हां होतील. मनोरेही उभे राहतील. शंभर वर्षांमागें पायथ्याच्या घरांना या व्यवहारांत कोणी विचारलें नव्हतें. या खेपेस सरकारच्या मेहेरनजरेचा कांहीं अंश छपरापर्यंत उतरला आहे. तो शेवटच्या वाडीपर्यंत उतरतो किंवा नाहीं, यावरच पुढील इतिहासकार या धोरणाची परीक्षा करतील.