उसाच्या फडातले दगड

मी साताऱ्याकडचा, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. मॉरिशसला लोक समुद्र बघायला जातात आणि मी शेतातले दगड बघत हिंडलो, याचं घरी कुणाला नवल वाटलं नाही.

तिथे उसाच्या फडात जागोजागी काळ्या दगडांचे ढिगारे दिसतात. काही चांगले पुरुषभर उंच, कडा कोकणातल्या गडग्यासारख्या रचलेल्या. बेटावरचा शेवटचा लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचा; त्याची पुरती माती व्हायला वेळच मिळालेला नाही. त्यामुळे ऊस लावायचा तर आधी दगड वेचा. ही वेचणी झाली हातांनी: आधी गुलामांच्या, मग १८३४पासून हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांच्या. मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोकही त्यांत होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, आणि एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा.

दगड मात्र साताऱ्याच्या माणसाला ओळखीचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, ते पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतामुळे, त्यानेच पुढे मॉरिशस घडवलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मधल्या काळात भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला. तो स्रोत आज शेजारच्या रियुनियन बेटावर धुमसतोय. म्हणजे दगड एकाच घराण्यातले, वयात मात्र कोट्यवधी वर्षांचं अंतर. आपल्याकडच्या दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले सापडतात. तिथल्या तरुण दगडाला नुसती भोकं, आणि हातात घेतला की कडा बोचतात.

पाऊस आपल्या उलट. आपल्याकडे तो पश्चिमेकडून येऊन सह्याद्रीला धडकतो, तिथे वारे आग्नेयेचे. मधल्या पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पडतो, पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही आत. ब्लॅक रिव्हरकडची जुनी मराठी वस्ती याच कोरड्या अंगाला. फलटणकराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता तोडणीची यंत्रं फिरावीत म्हणून कितीतरी ढिगारे हलवले गेले. दगड खडीच्या कामी येतो. मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा यादीत गेला, हे योग्यच झालं. पण घाटावर माणसं मोजके दिवस थांबत, आयुष्य सरलं ते या फडांत. चार-दोन ढिगारे तरी सरकारने पाटी लावून राखावेत.